पाच ताटल्या

ओपा गेल्याचं मला कळलं ते संध्याकाळी सहाला. रोज त्या वेळी खालच्या अंगणात ताटल्या वाजायच्या, त्या दिवशी वाजल्या नाहीत. खाली गेले तर पाचही कुत्री रांगेत बसलेली, आणि आमचे घरमालक, माझी लेक ज्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायची ते... खुर्चीत, एकाच पायात बूट. त्याला आता महिना होत आला.

जर्मनीत आखन शहराच्या टोकाला राहायला आलो तेव्हा शिकारी म्हणून मी त्यांना नावंच ठेवायचे. आमच्या घरात अंडंसुद्धा चोरून आलेलं! पण चार शिकारी कुत्र्यांच्या टोळीत पाचवं पिल्लू निवडायला ते मलाच घेऊन गेले. मी सगळ्यांत धीट पिल्लू उचललं. "नको. हे रानडुकरावर एकटंच धावेल आणि एकटंच मरेल." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खाली टाकला. सगळी पळाली. एक बारकी दचकली, परत येऊन जुडगा हुंगला आणि वळून भावंडांकडे बघत राहिली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ओपा म्हणाले, "हिला बाकीच्यांचं भान आहे." लेकीने तिचं नाव ठेवलं ठकी.

पहिल्याच संध्याकाळी मी घोळ घातला. आधी लहानांना वाढायचं हे अंगात मुरलेलं, म्हणून पहिली ताटली ठकीपुढे ठेवली. टोळीतल्या म्हाताऱ्या कुत्रीने, बेर्टाने, तिचा कान फाडला. मी रडले. टाके घालून आणल्यावर ओपा शांतपणे म्हणाले, "तुझ्या घरी भूक बघून वाढतात. इथे डुकरासमोर पहिली बेर्टा जाते, म्हणून पहिली ताटलीही तिची." दुसऱ्या दिवसापासून ताटल्या त्यांनी माझ्याच हातात दिल्या. पाचांचं झालं की अंगणातल्या बाकावर बसून ते आपला पाव खायचे.

ते गेल्यावर त्यांच्या पुतण्याने पाच कुत्री पाच घरी द्यायचं ठरवलं. माणूस वाईट नाही, पण ओपांनी नऊ वर्षं जमवलेली टोळी अशी फुटणार म्हणून माझा जीव तुटत होता. एक शिकारी फक्त बेर्टाला न्यायला आला. मी म्हटलं, जेवून तरी जाऊ दे तिला. ताटल्या मांडल्या, एकेक नाव घेतलं. बेर्टा उठली, बाकीची आपलं नाव येईपर्यंत जागची हलली नाहीत. ठकी फाटका कान टवकारून शेवटपर्यंत थांबली. त्या माणसाने हातातला पट्टा गुंडाळून खिशात घातला. मग पुतण्याला म्हणाला, "ही एकटी नाही नेता यायची. पाचही द्या."

काल सहाला अंगणातला बाक पुसायला गेले. सवयीने नावं घेतली, बेर्टापासून ठकीपर्यंत... आणि तिथेच बसून राहिले. ठकीनंतर ओपांची पाळी असायची.