बारा मिळवून वाचावे

वारज्यातल्या आमच्या घरात बसून मी एका दुपारी समाजातल्या सगळ्या उपवर मुलामुलींना शाळेत परत पाठवलं. त्यासाठी मला फक्त एक जुना कॉम्प्युटर आणि भरपूर आत्मविश्वास लागला.

माझी बायको सुनंदा आमच्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींसाठी घरच्या घरी वधूवर सूचक केंद्र चालवते. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळे शिक्षण, नोकरी आणि वय एवढ्यावरच सगळं ठरतं. केंद्राची माहिती ठेवणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता. (नव्वदच्या दशकात अख्खं पुणे कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतं. मी नागपूरहून नवीनच आलेला, मागे कसा राहणार?) जन्मतारीख घातली की आजचं वय आपोआप काढणारा हा प्रोग्रॅम म्हणजे माझ्या आयुष्यातलं एकमेव संशोधन! आणि तो चालायचा फक्त आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर, ज्याच्या पडद्यावर हिरवीगार टेकडी दिसायची.

आमची मुलगी प्रज्ञा हिंजवडीत नोकरीला. ती एक दिवस म्हणाली, "बाबा, ही विंडोज आता बदला. कंपनीने तिचा सपोर्ट बंद केलाय."

"मला त्यांनी कधी सपोर्ट केला होता?"

"ऐका ना! अपडेट मिळणार नाहीत. व्हायरस शिरतील."

"शिरतील कुठून? मी दारच बंद करतो."

आणि मी इंटरनेटची वायर उपटून टाकली! पेन ड्राइव्ह घेऊन आलेल्या माणसाकडे तर मी असा बघायचो, की तो चहा न घेताच परत जायचा.

आता कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळासाठी एक बटणाएवढी बॅटरी असते. आमची ती संपली होती. त्यामुळे वीज गेली किंवा रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की कॉम्प्युटरची तारीख थेट बारा वर्षं मागे जायची. इंटरनेट असतं तर त्याने ती आपली आपण दुरुस्त केली असती, पण ती वाट मीच बुजवलेली.

"अहो, ती बॅटरी बदला की," सुनंदा म्हणायची.

"उघडला की काहीतरी बिघडतं. चाललंय ना?" असं म्हणून मी रोज सकाळी बटण दाबायचो आणि हाताने तारीख घालायचो. लोक सकाळी पर्वतीवर जातात, मी वर्तमानकाळात यायचो.

त्या वर्षी सुनंदाने पहिल्यांदाच सभागृह घेऊन मेळावा ठरवला. इतकी वर्षं 'बाईंचा घरगुती उद्योग' म्हणून नाक मुरडणारे सगळे येणार होते.

"अहो, माझं नाव पणाला लागलंय. मुलामुलींच्या माहितीची पुस्तिका तेवढी नीट काढा."

"तू निश्चिंत राहा." (हे वाक्य मी जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा तेव्हा तिची झोप उडालेली आहे.)

छपाईसाठी मी नेमका गुरुवार निवडला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेली. दुपारी आली. मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, भराभर प्रिंट काढल्या आणि झेरॉक्सच्या दुकानाकडे धावलो. तारखेचं काय? ती तर सकाळीच घातली होती ना!

मेळाव्यात त्रिशरण-पंचशील झालं आणि पुस्तिका वाटल्या गेल्या. थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"अहो, ही मुलगी एम. टेक. आणि वय चौदा?"

"हुशार असेल!"

"हा बघा, बँकेत मॅनेजर. वय सतरा."

"वशिला असेल!"

प्रमुख पाहुणे वानखेडेसाहेब, निवृत्त पोलीस निरीक्षक. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "ताई, बालविवाहाच्या मेळाव्याला मला पाहुणा म्हणून बोलावलंत?"

तेवढ्यात पुनर्विवाहाच्या पानावरचे एक गृहस्थ ताडकन उभे राहिले. "अपत्य एक, वय उणे चार? माझी पोरगी तिसरीत आहे हो!"

सभागृह हसून लोळायला लागलं. सुनंदा माझ्याजवळ आली.

"तारीख घातली होती?"

"सकाळी घातली होती."

"आणि वीज जाऊन आल्यावर?"

मी पंख्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं, पण तिचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने डोळे पुसले आणि माईक माझ्या हातात कोंबला. "सांगा आता तुम्हीच!"

"सर्वांना नम्र विनंती," मी घसा खाकरला, "प्रत्येक वयात कृपया बारा मिळवून वाचावे."

प्रकरण इथे मिटेल असं मला वाटलं होतं. पण पहिल्या रांगेतल्या एक बाई उसळल्या, "बारा कशाला? आमच्या मुलीत दहाच मिळवा!"

"त्यांच्यात दहा, तर आमच्या मुलात नऊ!"

"छापलंय ते छापलंय! आम्ही काही मिळवत नाही!"

शेवटी वानखेडेसाहेबांनी ठेवणीतला पोलिसी आवाज काढला. "सगळ्यांना बारा! कोणालाही सवलत नाही!"

या गोंधळात मुलंमुली मात्र लाजणं विसरली. एरवी मेळाव्यात मान खाली घालून बसणारी ही मंडळी चहाच्या टेबलापाशी पोट धरून हसत होती.

"तुम्ही कितवीत?" सतरा वर्षांच्या मॅनेजरने एम. टेक.ला विचारलं.

"नववीत. तुम्ही?"

"बारावीचं वर्ष आहे, अभ्यास फार असतो."

सुनंदाने ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे नव्या नावांची रांग लागली, आणि नाक मुरडणारेही त्या रांगेत होते. प्रज्ञाने आईला नवा कॉम्प्युटर आणून दिला. त्याचा पासवर्ड मला अद्याप कळलेला नाही.

त्या मॅनेजरचं आणि एम. टेक.चं लग्न त्याच वर्षी झालं. मांडवात मुलाच्या वडिलांनी माझा हात हातात घेऊन अदबीने विचारलं, "आपलं वय काय, साहेब?"

"अठ्ठावन्न."

"बारा मिळवून की न मिळवता?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, "वय बरोबर आहे हो त्यांचं. बारा वजा करायचेत ते अकलेतून."