पायरीवरचा हातोडा

खंडेनवमीला आमच्या लाकूड डेपोच्या ऑफिसात हातोड्याची पूजा होती आणि मला अंगणात उभं केलं होतं.

हातोडा शिक्क्याचा. त्याच्या तोंडावर सरकारी अक्षर उलटं कोरलेलं. सागाच्या लाकडावर ठोका बसला की माल पास. शिक्का नसला तर बैलगाडी नाक्यावरून सुटत नसे. तो ठोका वर्षभर मी मारायचो, उन्हात. चांद्याच्या जंगलात महाराचा पोरगा गार्ड झाला म्हणून वस्तीनं मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. आणि आज रेंजरसाहेब म्हणाले, "तू बाहेरच थांब. पूजेचं आहे."

पूजेला बसला वसंताभाऊ. दुसरा गार्ड. माझ्याच दिवशी लागलेला, माझ्याच पगाराचा. त्याच्याकडे कपाटाची किल्ली आणि आतली खुर्ची. त्यानं हातोड्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

मी खिडकीतून बघत होतो. खरं सांगतो, तेव्हा मला समता वगैरे काही सुचलं नाही. निव्वळ हेवा वाटला.

वसंताचा हेवा रोजचाच. तहान लागली की तो उठायचा, माठातलं पाणी प्यायचा, कोणाकडे बघायचासुद्धा नाही. मला नेमकं तेच हवं होतं, ते कोणाकडे न बघणं. मी पाणी मागायचो तेव्हा आधी सगळ्यांचे चेहरे वाचायचो. बरं, माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.

पण त्या दिवशी मी लोखंडावर जळलो. ज्या दांड्यात माझ्या हाताचा घाम मुरला होता, तो दांडा आत पाटावर बसला होता. त्याला एकदा धुतलं की चालत होतं.

रोज सकाळी वसंता कपाटातून हातोडा काढायचा आणि ऑफिसच्या पायरीवर ठेवायचा. मी वाकून उचलायचो. असा हुकूम कोणी दिला नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं ठेवला, मी उचलला, तोच रिवाज झाला.

दसरा झाला. डेपो उघडला. ठेकेदाराच्या गाड्या रांगेनं उभ्या. वसंतानं हातोडा आणला. कुंकू अजून तसंच होतं. पायरीवर ठेवला.

"घे बा, गाड्या खोळंबून राह्यल्या."

कंबर वाकेना. कसं झालं ते मलाही सांगता येत नाही.

"हातात दे, भाऊ."

"काऊन? रोज तं उचलतोस."

"आज नाई उचलत. माह्या हातात दे."

तो हसला. मग त्याचं हसू गेलं. रेंजरसाहेब बाहेर आले. "नोकरी करायची हाये का नाई तुले?"

"करायची हाये साहेब. म्हणून तं हातोडा मांगून राह्यलो."

वसंतानं साहेबांकडे पाहिलं. मग ठेकेदाराकडे. मग माझ्याकडे. आज तो चेहरे वाचत होता. मला फार बरं वाटलं.

ऊन चढलं. गाडीवान बिड्या ओढत बसले होते. ठेकेदार मात्र आरडाओरडा करू लागला. शेवटी साहेब म्हणाले, "दे त्याले."

वसंतानं हातोडा उचलला, लोखंड धरून दांडा माझ्याकडे केला. लांबून. म्हणजे बोटाला बोट लागायला नको. मी दांडा धरला नाही. पुढे झालो आणि त्याच्या हाताशी, लोखंडालाच हात घातला. त्याची बोटं थंडगार होती.

त्या दिवशी सगळ्या मालावर शिक्के मारले. पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली, पार सिरोंच्याकडे. माय रडली. "उचलला असता तं काय झालं असतं बापा?" म्हणाली.

नव्या डेपोवर पहिल्या सकाळी तिथल्या बाबूनं हातोडा आणला आणि पायरीवर ठेवला. रिवाज माझ्या आधीच पोचला होता.

माझा हेवा अजून गेलेला नाही. जाऊही नये. आतल्या खुर्चीवर बसून, कोणाकडे न बघता मी माठातलं पाणी पीत नाही, तोवर तो मला लागणार आहे.

"हातात द्या," मी म्हणालो.

गाड्या थांबल्या. थांबू देत.