बुरुलनं किटली खाली ठेवली

कोचकोर गावच्या बाजारामागे बुरुलचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्री आणि भिंतीला टांगलेले शाळेचे गणवेश. बाई बुटकी, तोंडानं फटकळ, कामाला वाघ. पण गावात तिचं नाव निघतं ते शिवणासाठी नव्हे. स्वतःच्या मुलाच्या समारंभात भर पंगतीत तिनं जे केलं, त्यासाठी निघतं. अजूनही काही म्हातारे तिचं नाव काढताना कपाळाला आठ्या घालतात. घालू देत.

बेगिमाय ही तिची नणंद, सतरा वर्षांची. आमच्याकडे मुलीचं गुपित आईच्या आधी जेंगेला, म्हणजे भावजयीला कळतं. हे मात्र जेंगेलाही उशिरा कळलं, कारण पोरीनं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लपवलं होतं. समारंभाला गेलं की ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे मांसाचा वाटा पुढ्यात येतो आणि सोबत पिशवीही येते. हवं तेवढं खा, उरलेलं घरच्यांसाठी न्या. बेगिमाय सगळाच वाटा पिशवीत भरायची. तिथे म्हणायची, वडिलांना नेते. घरी म्हणायची, तिथेच जेवून आले. तिची आई कुलिपा आपा अभिमानानं शेजारणींना सांगायच्या की माझी लेक आधी बापाचा वाटा बांधते. शेजारणी आपापल्या पोरींना तिचा दाखला द्यायच्या. असं वर्षभर एका पोरीच्या उपाशी राहण्याचं सगळा मोहल्ला कौतुक करत होता.

बुरुलनंही त्या वर्षात तिचा गणवेशाचा स्कर्ट तीनदा आत घेतला होता. तिसऱ्यांदा माप घेताना तिचा हात थबकला, पण ती काही बोलली नाही. त्याची टोचणी तिला आजही आहे. आठवडाभरात पोर शाळेच्या पायरीवर कोसळली आणि बुरुलनंच तिला गाडीत घालून राजधानी बिश्केक गाठली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ॲनोरेक्सिया. हा हट्ट नाही, नखरा नाही, मनाचा आजार आहे आणि त्यात माणूस जातो, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. पोरीचं हृदय थकलं होतं. तीन आठवडे इस्पितळात काढून दोघी घरी आल्या, त्या एक कागद घेऊन. दिवसातून सहा वेळा खाणं. शेजारी कुणीतरी बसायचं आणि तेच खायचं. अन्नावर बोलायचं नाही, अंगावर तर मुळीच नाही. पुन्हा घसरली तर हृदय साथ देईलच असं नाही.

आपांनी कागद वाचला आणि घडी घालून कपाटात ठेवला. विचारलं तर पोटाचा विकार म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या पोरीला मागणी येणार, मनाचा आजार म्हटल्यावर उंबऱ्यात कोण पाय ठेवील? बाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या.

बुरुलनं कपाटातून कागद काढला आणि मशीनसमोर भिंतीला टाचला. पोरीला शाळेच्या आधी, शाळेनंतर दुकानात बसवू लागली. एक वाटी हिची, एक तिची. पहिले काही दिवस बेगिमाय नुसती रडायची. मग शिव्या सुरू झाल्या.

"तू माझी कोण गं? परक्या घरातून आलेली!"

"परकीच आहे," बुरुल म्हणायची. "म्हणून तर तुझं बोलणं अंगाला लावून घेत नाही. आता ऐक, काल ती मास्तरीण पाच मीटर कापड घेऊन आली आणि म्हणते कशी..."

गिऱ्हाइकांचे किस्से सांगता सांगता वाटी रिकामी व्हायची. कधी व्हायची नाही. मग तीन तासांनी दुसरी वाटी. दर शनिवारी डॉक्टरीणबाई अशा पाच घरांना फोनवर एकत्र बसवायच्या. गावात कुणाचं ऐकून न घेणारी बुरुल तिथे पहिल्याच दिवशी ढसाढसा रडली. तलासच्या एका आईनं तिला सांगितलं, मी तर लेकीच्या अंगावर ताटली फेकली होती, तुम्ही निदान गोष्टी तरी सांगता. त्या शनिवारांच्या बळावर बुरुलनं पाच महिने काढले आणि पोरीच्या गालांवर थोडा रंग आला.

मग बुरुलच्या मुलाचा समारंभ आला. चालायला लागलेल्या पोराच्या पायांत दोरा बांधून तो कापायचा, मग पंगत. सून म्हणून बुरुल चहाच्या किटलीपाशी. आमच्याकडे पंगतीत सून चहा ओतते, बोलत नाही.

आपांचे मोठे भाऊ, म्हणजे बेगिमायचे तायके, मामा, वरच्या जागी बसले होते. प्रेमळ माणूस, पण त्यांना प्रेमाचा एकच शब्द येतो, खा. त्यांनी बेगिमायला हाक मारली.

"काय झालीस गं, नुसती काटकी! जेंगे उपाशी ठेवते वाटतं?"

पंगत हसली. तायकेंनी चरबीचा मोठा तुकडा उचलून तिच्या तोंडापुढे धरला. वडीलधाऱ्याच्या हातचा घास नाकारायची आमच्यात सोय नाही. सगळे बघत होते. पोरीचे ओठ पांढरे पडले आणि हात हळूच पिशवीकडे गेला.

बुरुलनं किटली खाली ठेवली.

"तायके, हात मागे घ्या. पोर आजारी आहे. ॲनोरेक्सिया म्हणतात त्याला. पोटाचं काही नाही, ते आम्ही खोटं सांगितलं. हिला कुणी खा म्हणायचं नाही आणि बारीक झाली, जाड झाली, हेही म्हणायचं नाही. माझी विनंती आहे."

तायके उठले ते आशीर्वाद न देताच निघून गेले. यापेक्षा मोठा अपमान आमच्यात नाही. स्वयंपाकघरात आपा म्हणाल्या, "आज तू माझ्या घराचं छप्पर उडवलंस."

"छप्पर परत घालता येईल, आपा. पोर गेली तर?"

वाट्या धुवायला मागे थांबली होती ती तायकेंची बायको. मान वर न करता तिनं सांगितलं की ओश शहरात शिकणारी तिची धाकटी लेक जेवण झालं की न्हाणीची कडी लावते. मग तिनं डॉक्टरीणबाईंचा नंबर मागितला. आपा दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शनिवारी त्या आपण होऊन दुकानात आल्या, फोनपुढे बसल्या आणि तासाभरात एवढंच म्हणाल्या, "मी बेगिमायची आई." पलीकडच्या बायकांनीही त्यांना घाई केली नाही.

हा आजार एका भाषणानं जात नाही. मार्चमध्ये बेगिमाय पुन्हा दहा दिवस इस्पितळात होती. या वेळी उशाशी आपा होत्या.

ती घरी आल्यावर एका दुपारी तायके आले. दुकानाच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले, मग स्टुलावर टेकले. बेगिमायपुढे वाटी होती, चमचा अजून उचललेला नव्हता. म्हाताऱ्यानं वाटीकडे बघितलं आणि तो बुरुलकडे वळला.

"खा म्हणायचं नाही, तर मी हिच्याशी बोलू काय?"

बुरुल तोंड उघडणार, तेवढ्यात उत्तर बेगिमायनंच दिलं.

"काही बोलू नका, तायके. माझं होईपर्यंत बसा नुसते. मला भीती वाटते."

तायके बसले. पाऊण तास.