खोलीचं तापमान पंचवीस

मानोऱ्याच्या आमच्या कॉलेजात अकरावीची परीक्षा संपली, की भर एप्रिलमध्ये बारावीची प्रॅक्टिकलं सुरू होत. प्रयोगशाळेवर टिनाचं छत. पंखा फिरायचा कमी, कुरकुरायचा जास्त. आणि त्या भट्टीत घाम पुसत आख्खा वर्ग जर्नलात लिहायचा, खोलीचं तापमान पंचवीस अंश.

माय व! पंचवीस! कोण्या जमान्यातल्या एखाद्या पोरानं हिवाळ्यात प्रयोग केला असेल, त्याचं ते पंचवीस. तेव्हापासून दरसाल मागच्या वर्षीचं जर्नल मागून आणायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं, हीच रीत.

प्रयोग आवाजाच्या वेगाचा होता. नळीत पाणी भरायचं, तोंडाशी ट्यूनिंग फोर्क वाजवून धरायचा, पाणी खाली करत न्यायचं आणि आवाज घुमला की तिथली लांबी मोजायची. हवा तापली की आवाज वेगानं जातो, म्हणून तापमान लागतं. मी खरोखर मोजलं. एक्केचाळीस. गणित मांडलं तर उत्तर पुस्तकातल्या उत्तराला जाऊन भिडलं. मी तर बाकावर उडीच मारणार होते.

सरांनी पान पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तुयं एकटीचंच एक्केचाळीस कसं आलं व?"

"सर, थर्मामीटर पाहा ना. तुमी सोताच घामानं निथळून राह्यले."

"जास्त शहाणी नको होऊ. बाहेरून परीक्षक येते. वेगळं दिसलं का प्रश्न विचारते."

"तं विचारू द्या ना!"

"सही पाह्यजे का नाई तुले?"

जर्नलवर सही नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे बारावी गेली. इंझोरीहून रोज ऑटोत कोंबून यायचे ते काय यासाठी? अंगाची नुसती लाही झाली. तरी मी खोडलं नाही. शेवटी सरांनीच व्हाइटनर काढलं, माझ्या एक्केचाळिसावर फासलं, स्वतःच्या हातानं पंचवीस लिहिलं आणि सही ठोकली. खालचं गणित तसंच राहिलं, एक्केचाळिसाचं. तेवढं वाचायचीसुद्धा तसदी घेतली नाही हो!

पुढच्या फेब्रुवारीत परीक्षेला परीक्षक आले. नेमकं तेच पान उघडलं. मी मनात म्हटलं, आता तरी विचारतील, की पंचवीस धरून हे उत्तर आलंच कसं? मी सगळं सांगायला टपूनच होते.

"अक्षर छान आहे हो तुमच्या मुलीचं," ते आमच्या सरांना म्हणाले आणि पान उलटलं.

निकाल लागला. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी. आईनं पेढे आणले, पहिला माझ्यासमोर धरला.

"मले कायले देतं?" मी म्हटलं. "सरले नेऊन दे. ते गुण त्यायचे हायेत."