मंगलच्या पापडांचा दिवस

नांदेडच्या वहिनी, बीपीची गोळी रोज घेता ना? कनेरगावच्या अक्का, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा ओवता येतो का? विजू, तुझी पाठ कशी आहे? आणि सुमन, तू बाळंतीण आहेस, मोबाईल कमी बघ... पण एवढं वाचून घे.

मी ठणठणीत आहे. हे आधीच सांगते, कारण आठ दिवसांपासून तुमची चर्चा चालू आहे म्हणे, की म्हातारीचं डोकं फिरलं, जेलमधून सुटलेली बाई घरात ठेवली.

तर होय. ठेवली.

मंगल माझ्या हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या मैत्रिणीची लेक. शेताच्या बांधावरच्या भांडणात तिच्या हातून दिराचा जीव गेला. तिने कोर्टात नाही म्हटलं नाही, नऊ वर्षं शिक्षा भोगली. सुटली तेव्हा आई राहिली नव्हती. भावाने दारातूनच तांब्याभर पाणी दिलं आणि जीप कुठे मिळते ते दाखवलं...

हिंगोलीत ती उभ्या जन्मात दोनदा आली होती, तेही दवाखान्यात. माझी मागची खोली रिकामी होती, ती तिला दिली. मोंढ्याच्या बाजारात हळद निवडायचं काम मिळालं आणि मला वाटलं, बसली घडी.

पण पहिल्याच दिवशी मी एक चूक करून ठेवली होती. तिला म्हणाले, कोणी विचारलं तर सांग, इतकी वर्षं पुण्याला कामाला होते. गल्लीत राहायचं तर एवढं खोटं चालतं, असं मला वाटलं.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पापड कोणी एकटीने लाटत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, मंगल धरून आम्ही दहा जणी पोळपाट-लाटणं घेऊन जातो. मंगल सगळ्यांकडे आली. आपला एक पापड होईपर्यंत तिचे तीन बाजेवर पडलेले असायचे...

मंगलच्या पापडांच्या आदल्या दिवशी पाळी द्वारकाबाईंची होती. त्यांच्या तोंडाला सगळी गल्ली टरकून असते. त्यांनीच विचारलं, एवढा हात पुण्यात कुठे बसला गं तुझा? मी मध्ये बोलणार तेवढ्यात मंगल मान खाली घालून म्हणाली, "पुण्यात न्हाई. जेलात. शंभर बायांच्या पोळ्या करायचो आमी."

लाटणी थांबली. कशासाठी गेली होतीस, हेही कोणीतरी विचारलं आणि तिने तेही सांगितलं. हातातला पापड पुरा करूनच ती उठली.

दुसऱ्या दिवशी मंगलने पहाटेच उडदाचं पीठ मळलं, कुटलं, लाट्या पाडल्या. सात वाजले, आठ वाजले... पापडाचं पीठ थांबत नाही, कडक होत जातं. नळाला पाणी आलेलं, सगळी दारं उघडी, पण आमच्या दाराकडे कोणी बघेना.

मी आत गेले तर मंगल पिशवी भरत होती. "जाते मावशी गोरेगावकडं. माझ्यापायी तुमाला काहून तकलीफ." गोरेगावात तिचं होतं कोण? कुठे जाणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

माझं डोकंच सटकलं. तिच्यावर नाही, माझ्यावर... लपवायला तिला मीच शिकवलं होतं. म्हणजे गल्लीच्या आधी तिची लाज मलाच वाटली होती.

मी म्हटलं, पिशवी ठेव आणि बाजेचं दुसरं टोक धर. आम्ही बाज उचलली ती थेट गल्लीच्या मधोमध नेऊन टाकली. वर जुनं लुगडं अंथरलं, बाजूला पोळपाट मांडले आणि दोघी लाटायला बसलो.

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला मी नाव घेऊन सांगितलं, आज मंगलचे पापड आहेत. कोणी नुसती मान हलवली, कोणी मोबाईल कानाला लावला. एकीचा नवरा गाडी थांबवून म्हणाला, काकू, रस्ता अडवून राहिल्या तुमी.

"व्हय, अडवून राहिले. ती नऊ वर्षं अडकली होती, तू दहा मिनिटं थांब."

अर्ध्या तासाने द्वारकाबाई आल्या. हातात लाटणं. खाली बसल्या, एक लाटी चिमटून बघितली आणि मंगलला म्हणाल्या, "लाट्या मोठ्या पाडल्या. अन् पीठ वाळून राहिलं, ओलं फडकं टाक की त्याच्यावर. शंभर बायांचं करत होती म्हणं."

मंगल फडकं आणायला आत गेली ती लवकर आलीच नाही... मीही बोलवायला गेले नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

द्वारकाबाईंच्या मागून आणखी दोघी आल्या. पाच जणी आल्या नाहीत. त्यांची मर्जी. दुपारपर्यंत पीठ संपलं.

मला 'सांभाळून राहा' असं सांगणाऱ्यांना एकच विचारते. तिने गुन्हा केला, कोर्टाने शिक्षा दिली, तिने ती भोगली. आता वरून आणखी द्यायची तर ती कोणत्या कोर्टाची?

मंगल इथेच राहणार आहे. मला वाटत होतं मी तिला आधार देते आहे... खरं बोलायचं धाडस तिचं. मी फक्त बाजेचं एक टोक उचललं. तेवढं मला तिने उचलू दिलं, हे तिचे उपकार.

तिचे पापड तुम्हाला सगळ्यांना पाठवायचा विचार आहे. कोणाकोणाला हवेत ते लवकर लिहा. नको असतील तरी लिहा, इथेच ग्रुपवर लिहा... मंगलही वाचते.