टर्बो असाच वाजते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्या संघटनेचं काम करते तिच्यातल्या एकीलाही नाही. पत्रकं लिहीत लिहीतच मी पंचविशी ओलांडली. 'जाब द्या', 'उत्तर द्या', 'जबाबदार कोण?' असले मथळे मला झोपेतही सुचतात. तुम्ही म्हणाल, मग हिला बोलायला काय लागतं? लागतं. दुसऱ्याकडे बोट दाखवायची सवय झाली की स्वतःबद्दलचं एक साधं वाक्य तोंडातून निघत नाही.

गाडीपासून सांगते. म्हणजे — लांबून सुरुवात करते आहे, कळतंय मला.

बाबांनी घेऊन दिलेली सेकंडहँड डिझेल गाडी होती माझी, टर्बोवाली — म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा असलेली. यवतमाळहून घाटंजी, महागाव, केळापूर — सभांना आम्ही तिच्यातूनच फिरायचो. एका हिवाळ्यात ती वाजायला लागली. बारीक, वर चढत जाणारा आवाज, लांबून सायरन यावा तसा. चाकांचा असता तर उभ्या गाडीत आला नसता. मी गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस देऊन पाहिली. आवाज इंजिनाबरोबर चढला आणि इंजिनाबरोबरच उतरला. मेकॅनिकनं टर्बोचा पाइप काढला. आत तेल. आतलं पातं बोटानं डुगडुगलं. डुगडुगायला नको होतं. तो म्हणाला, "मॅडम, हे कधीही जाईन. चढावर गेलं तर गाडी जागीच बसन. टर्बो बदलाच."

मी टर्बो बदलला नाही. गाडी विकली.

प्रमोदभाऊला विकली. घाटंजीत त्याची पिठाची चक्की आहे आणि आमच्या सभांचे भोंगे तोच बांधायचा. वयानं माझ्याहून बराच मोठा, तरी मला 'ताई' म्हणायचा. त्याची आई, सुमनकाकू, डायलिसिसवर होती. तालुक्यात मशीन नाही, म्हणून दर आठवड्याला दोनदा यवतमाळ, तेही बसनं. तालुक्यात मशीन द्या, हीच तर आमची मागणी होती. गाडी त्याला आईसाठी हवी होती. आणि हे मला माहीत होतं. नीट ऐका — माहीत होतं.

त्याला मी स्वतः चालवून दाखवली. सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं, गाणी लावून. इंजिन जोरात फिरवलं नाही की टर्बो बोलत नाही, एवढं मला कळायला लागलं होतं. अनोळखी माणसानं बॉनेट उघडलं असतं, चार प्रश्न विचारले असते. प्रमोदभाऊनं किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "ताई, तुही गाडी पाहाले मेकॅनिक कायले लागते?" वर मी त्याला शहाणपणही शिकवलं. लांबून पळवून आणली की लगेच बंद करू नको भाऊ, मिनिटभर सुरू ठेव, टर्बो गार होऊ दे. सल्ला खरा होता. खोटं विकताना एक खरा सल्ला वरून दिला की माणूस किती प्रामाणिक दिसतो!

थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला. त्यानं फोन बॉनेटजवळ धरला होता. "ताई, ऐक बरं. शिटीवानी वाजून राह्यली. काही बिघडलं का?"

ऐकलं मी. तोच आवाज, आता आणखी वर चढलेला. मागून काकू ओरडत होती, "तिले विचार, हे गाडी हाय का कुकर? तीन शिट्ट्या झाल्या का उतरवजो मले!" आम्ही तिघंही हसलो. मीसुद्धा. आणि म्हणाले, "काही नाही भाऊ. टर्बो असाच वाजते."

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर? गाडी उभी राहिली असती. काकू पुन्हा बसनं गेली असती, चडफडत, मला शिव्या देत. पोचली तर असती!

गाडी यवतमाळच्या वाटेवर जंगलातल्या चढावर बसली. मागून निळा धूर, आवाज एकदम वर जाऊन तुटला, आणि मग काहीच नाही. आधीची एक खेप अवकाळी पावसानं चुकलेली, काकूच्या अंगात पाणी भरलेलं. प्रमोदभाऊ रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करत होता. शेवटी एका टेम्पोवाल्यानं घेतलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिला श्वास पुरेनासा झाला होता. संध्याकाळी ती गेली.

मी पत्रक लिहिलं. 'हा मृत्यू नाही, हा खून आहे.' वर काकूचा फोटो. तालुक्यात मशीन का नाही, रुग्णवाहिका का नाही, कोण जबाबदार? मागणी खरी होती, आजही आहे. म्हणून तर तिच्याआड लपणं इतकं सोपं गेलं. सभेत माझा आवाज फुटला तेव्हा बायका रडल्या. कशानं फुटला होता, ते मला एकटीला ठाऊक होतं.

पण मला सांगायचं आहे ते हेही नाही. ते याच्यानंतरचं आहे.

तेरवीच्या दिवशी मांडव रिकामा झाल्यावर प्रमोदभाऊ माझ्याशेजारी येऊन बसला. डोकं भादरलेलं. त्यामुळे एकदम लहान दिसत होता. खाली पाहत म्हणाला, "ताई, एक विचारू? पावसाच्या आदल्या खेपेले मी गाडी पळवत आणली आन् लगेच बंद केली. माय म्हणे, मले मोरीत जायचं हाय, उतरव लवकर. तू सांगतलं होतं न्, मिनिटभर सुरू ठेवजो. त्यानंच गेला का टर्बो?"

त्यानं वर पाहिलं. नाही म्हणायला एक शब्द लागतो. मी म्हणाले —

"होऊ शकते, भाऊ."

आठवून आठवून मी त्या दोन शब्दांशी येते. गाडी विकली ती लबाडी. फोनवर बोलले तो भित्रेपणा. पण हे? समोर आई गमावलेला माणूस, आणि मी तिचं मरण उचलून त्याच्या पदरात टाकलं. आपली ओंजळ रिकामी व्हावी म्हणून.

त्यानं मान हलवली. म्हणाला, "वाटलंच मले."

तेव्हापासून त्यानं गाडी चालवलेली नाही. कुणाचीच नाही. चक्कीवर बसतो, सभेला येतो, भोंगा बांधतो. त्याच्या बायकोनं मला सांगितलं की मोरीकडे जाताना तो अजून मध्येच थांबतो.

उद्या सकाळी मी घाटंजीला जाते आहे. माफी मागणार नाही. मागितली तर मला रडताना पाहून तोच पाणी आणून देईल, तसाच माणूस आहे तो. फक्त सांगणार आहे — भाऊ, तो आवाज आधीपासूनच होता. मले माहीत होतं. तू काहीच केलं नाही.