चांगल्या पायाचे फोटो

पुण्याहून पेणला निघालो तेव्हा मी भलताच खुशीत होतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या रुग्णालयात हाडातल्या जंतुसंसर्गावर संशोधन चालू आहे आणि मी तिथला सहायक डॉक्टर. नासलेलं हाड खरवडून काढायचं आणि उरलेल्या पोकळीत औषध मिसळलेल्या प्लास्टरच्या बारीक गोळ्या भरायच्या. गोळ्या हळूहळू विरघळतात, औषध जागच्या जागी सुटत राहतं. वर्षभरात पू परत आला नाही, तर इलाज लागू पडला असं धरायचं. रोह्याचे दळवी आणि पेणजवळच्या खाडीकाठच्या हिराबाई, या दोघांचं वर्ष भरलं होतं. दोघांनीही मोबाइलवर पायांचे फोटो पाठवले होते आणि त्यावरून दोघांना 'बरे' म्हणून मीच नोंदवलं होतं. बाकीच्या रुग्णांच्या नोंदी आधीच झाल्या होत्या; आता नमुन्यादाखल या दोघांचे पाय एकदा डोळ्यांनी बघायचे, सह्या घ्यायच्या, की आमचा शोधनिबंध पुरा. सरांना म्हटलं, दोन दिवसांत उरकून येतो आणि येताना पोह्याचे पापडही आणतो.

खोपोलीमार्गे एस.टी. पेणला पोचली तेव्हा दहा वाजले होते. रोह्याच्या गाडीला वेळ होता म्हणून गणपतीच्या कारखान्यांच्या (मूर्तिशाळेला इथे कारखानाच म्हणतात) बाजूला चक्कर मारली. प्लास्टरचे बिनरंगाचे पांढरे गणपती रांगेनं वाळत ठेवले होते. त्याच जातीची पूड आम्ही माणसाच्या हाडात भरतो, हे मला तिथल्या एका कारागिराला सांगितल्यावाचून राहवेना. त्यानं हातातला साचा खाली ठेवला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असंल. आमचा मात्र पाण्यात घातला तरी लवकर इरघळत नाय."

दुपारी रोहा. कुंडलिका नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात गेलो. दळवी धाटावच्या एका कंपनीतून पहिली शिफ्ट संपवून नुकतेच आले होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर वीतभर लांब, चकचकीत व्रण होता, कोरडा ठणठणीत. "हात लावून बघा," म्हणाले. चहा झाला, सही झाली, त्यांच्या बायकोनं चिवडा बांधून दिला. रात्री लॉजच्या खोलीत मी तो चिवडा खात परिषदेतल्या भाषणाची पहिली वाक्यं मनात जुळवत होतो. आज ती आठवली की कानकोंडं व्हायला होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कासूला उतरलो आणि रिक्षानं खाडीकडे निघालो. हिराबाईंच्या दारात त्यांची जाऊ भांडी घासत होती. "ती आगरात हाय," असं म्हणून तिनं मिठागराकडे हात केला. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना मिठाचे चौकोन आणि वर फाल्गुनातलं ऊन. माझ्या पायात शहरी बूट. दहा पावलांत घसरलो आणि पोटरीपर्यंत चिखलात गेलो. तेवढ्यात कुणीतरी मीठ ओढायच्या फळीचा दांडा पुढे केला. तो धरून वर आलो तर समोर हिराबाईच.

"बूट काढा, डॉक्टर. हितं ते चालत नाय," त्या म्हणाल्या.

त्या घोटाभर खाऱ्या पाण्यात उभ्या होत्या. डाव्या नडगीवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर सुतळी बांधलेली.

"ही पिशवी कशाला, मावशी?"

"काय नाय, उगीच."

त्यांनी लुगडं खाली ओढलं आणि माझ्या पुढे घराकडे चालू लागल्या. चालताना डावा पाय जपून टाकत होत्या.

ओटीवर बसवून मी पिशवी सोडायला लावली. वास आधी आला. ऑपरेशनच्या व्रणाच्या मधोमध हरभऱ्याएवढं भोक आणि त्यातून पू. हे एका दिवसाचं काम नव्हतं. असंच चालू राहिलं असतं तर हाड आतून पोखरून मोडलं असतं आणि पाय वाचवणं अवघड झालं असतं. मी खिशातून मोबाइल काढला. तीन महिन्यांचे तीन फोटो, तिन्हींत नितळ नडगी.

"मग हा कोणाचा पाय?"

"माजाच," त्या म्हणाल्या. "उजवा."

फोटोत व्रणच नव्हता. चिरलेला पाय बरा झाला तरी व्रण राहतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. मी डॉक्टर, आणि तीन वेळा त्या फोटोपुढे 'जखम भरली' असं लिहून मोकळा झालो होतो. मला बरा पाय हवा होता, तो दिसला, संपलं. त्या ओटीवर मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

तरी जीभ गप्प बसली नाही. "असं का केलंत, मावशी?" विचारलं आणि माझं मलाच जाणवलं, आवाज चढला होता.

त्या सावकाश म्हणाल्या, "मना घरी सोडलं त्या दिशी बाजूच्या खाटेवरचा त्यो बाबा व्हता ना, ज्यानं पाय भिजवला? त्याला तुमी काय म्हनलात, आठवतं?"

आठवत होतं. पाय पाण्यात घालायचा नाही, असं आम्ही प्रत्येकाला बजावलेलं. तुमच्यासारख्यांमुळे आमचं वर्षभराचं काम मातीत जातं, असं मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालो होतो. म्हातारा खाली बघत राहिला होता.

"आगर आमचा, पाण्यात उतरल्याबिगर चालत नाय. मी उतरले. मंग त्यो पाय तुमाला कसा दाखवू? म्हनून ह्यो दाखवला." मग आवाज खाली करून त्यांनी विचारलं, "माज्यामुळं तुमचं काम मातीत गेलं काय?"

पायातून पू वाहत असलेली बाई माझ्या कामाची काळजी करत होती. मी म्हटलं, "नाही मावशी. चूक माझी आहे. मी फोटो नीट बघितलेच नाहीत." हे वाक्य तोंडातून काढायला मला फार जड गेलं.

"कापावा लागंल काय?"

"आत्ता चला माझ्याबरोबर, म्हणजे ती वेळ येणार नाही असं बघू." खात्री दिली नाही. खात्र्या देण्याचं तोंड मला उरलं नव्हतं.

जावेनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले लहान मासे) कालवण. चव उत्तम होती. हिराबाई आगराचं काय म्हणून कुरकुरत होत्या. जाऊ म्हणाली, "जा गो तू. मी हाय ना."

निघण्याआधी मी अंगणातून सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तिला घेऊन ये, खाट तयार ठेवतो. एखादी नोंद चुकते. बाकीच्या बरोबर आहेत ना?" मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, बाकीचे फोटोही मीच आणि तसेच बघितले होते.

पेणहून दुपारची एस.टी. मिळाली. पापड घ्यायचं ध्यानातही राहिलं नाही. हिराबाईंना खिडकीशी बसवलं आणि त्यांचा पाय माझ्या बॅगेवर लांब ठेवला. येताना याच रस्त्यानं मी भाषणाची स्वप्नं बघत आलो होतो. हाडातला पू कसा दडतो, यावर मला तासभर बोलता येतं. आपल्या धाकानं माणूस दुखणं दडवतो, हे मात्र मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

खोपोली मागे पडली तसे मी मोबाइलवर सगळ्यांचे फोटो पहिल्यापासून उघडले. व्रण, व्रण, व्रण. मग एक नडगी आली, केसाळ, नितळ, कुठे चिरल्याची खूण नाही. मी बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला.

हिराबाई कधीपासून बघत होत्या कोण जाणे. वाकून त्यांनी तो फोटो नीट न्याहाळला.

"ह्यांना पन वरडला व्हतात काय?" त्यांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. ओरडलो होतो.